वडिलांचं नाव उसनं, नागरिकत्व खरं: कोचबिहारच्या छिटमहालांचं प्रकरण

नागरिकत्व कायदा, १९५५ यातलं सातवं कलम जेमतेम एका वाक्याचं आहे. एखादा प्रदेश भारतात सामील झाला, तर त्या प्रदेशाशी असलेल्या नात्यामुळे कोण भारतीय नागरिक ठरतील हे केंद्र सरकारने राजपत्रात आदेश काढून सांगावं, एवढंच ते म्हणतं. अर्ज लागत नाही, निष्ठेची शपथ लागत नाही, अमुक वर्षं देशात राहिल्याचा पुरावा लागत नाही. गोवा, दमण-दीव, दादरा-नगर हवेली आणि पुदुच्चेरी इथली माणसं १९६२ साली याच कलमाने भारतीय झाली. सिक्कीमची १९७५ साली. पश्चिम बंगालच्या कोचबिहार जिल्ह्यात विखुरलेल्या ५१ छिटमहालांची, म्हणजे चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या बांगलादेशी तुकड्यांची, पाळी ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री आली आणि १४,८६४ माणसं झोपेतून उठण्याआधीच भारताची नागरिक झाली.

या घटनेवर त्या काळात भरपूर लिहिलं गेलं. मेणबत्त्या, तिरंगा, ६८ वर्षांची प्रतीक्षा. पण नागरिकत्व, ओळखपत्रं आणि स्थलांतर या तिन्ही गोष्टी एकाच जिल्हा कचेरीच्या टेबलावर एकाच महिन्यात येऊन पडल्या, असा दुसरा प्रसंग स्वतंत्र भारतात शोधावा लागेल. प्रशासन म्हणून हे प्रकरण अभ्यासायचं ते म्हणूनच. माझं म्हणणं असं, की कायद्याने नागरिकत्व देणं हा यातला सर्वांत सोपा भाग होता. अवघड होतं ते माणसाच्या नावावर पहिला खरा कागद तयार करणं, आणि तिथे यंत्रणेने कुटुंबांना फार एकटं सोडलं.

नकाशावरची गाठ

छिटमहाल म्हणजे एका देशाच्या पोटात चहूबाजूंनी अडकलेला दुसऱ्या देशाचा तुकडा. कोचबिहारचे महाराज आणि रंगपूरचे मुघल फौजदार यांच्यात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तह झाले, तेव्हा एकमेकांच्या मुलखात दोघांच्याही जमिनी राहून गेल्या. राजा आणि नवाब बुद्धिबळात गावं पणाला लावायचे, अशी दंतकथा तिकडे आजही सांगतात. इंग्रजांच्या काळात या तुकड्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही. १९४७ साली रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेलं, १९४९ साली कोचबिहार संस्थान भारतात विलीन झालं, आणि जमीनदारीच्या हद्दी एका फटक्यात आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या.

हिशेब असा: बांगलादेशात भारताचे १११ छिटमहाल होते, सुमारे १७ हजार १६० एकरांचे, लालमोनिरहाट, पंचगड, कुडीग्राम आणि नीलफामारी या जिल्ह्यांत. भारतात बांगलादेशचे ५१ होते, सुमारे ७ हजार ११० एकरांचे. काहींच्या पोटात पुन्हा समोरच्या देशाचा तुकडा होता. दहाला खागडाबाडी तर बांगलादेशातल्या भारतातल्या बांगलादेशातला भारत होता, एखाद्या शेताएवढा.

ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट-व्हिसाची पद्धत सुरू झाली, आणि तिथून छिटमहालवाल्यांचं जगणं बेकायदा ठरायला लागलं. दिनहाटा गावाजवळच्या मशालडांगा या छिटमहालातला शेतकरी कागदोपत्री आधी पाकिस्तानी, १९७१ नंतर बांगलादेशी. त्याला बाजाराला जायचं तर भारतात पाऊल टाकावं लागे, त्यासाठी व्हिसा हवा, व्हिसासाठी पासपोर्ट हवा, पासपोर्ट बांगलादेशात मिळणार आणि बांगलादेशात पोचायला आधी भारत ओलांडायला हवा. ओलांडताना पकडला गेला तर परदेशी नागरिक कायदा, १९४६. अशा रीतीने कैद भोगलेली माणसं या गावांत होती. बांगलादेशचा अधिकारी तिथे पोचू शकत नव्हता, भारताच्या अधिकाऱ्याला तिथे अधिकार नव्हता. शाळा नाही, दवाखाना नाही, वीज नाही, पोलीस ठाणं नाही, जन्म-मृत्यूची नोंदवही नाही.

राजकीय इतिहास मी इथे थोडक्यात उरकतो. १९५८ साली नेहरू-नून करार झाला, मग बेरुबाडी या सीमेवरच्या भागावरून सर्वोच्च न्यायालयाचं मत आलं, की प्रदेश द्यायला घटनादुरुस्ती लागेल. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी भू-सीमा करारावर सह्या केल्या. बांगलादेशने त्याच वर्षी तो मान्य केला. भारताला प्रदेश द्यायचा म्हणजे घटनादुरुस्ती हवी होती, ती व्हायला ४१ वर्षं गेली. २०११ च्या सप्टेंबरात पुरवणी करार झाला आणि मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली. ६ जून २०१५ रोजी ढाक्यात मान्यतापत्रांची देवाणघेवाण झाली आणि ३१ जुलै हा नेमलेला दिवस ठरला. म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या हातात तयारीला दोन महिनेही नव्हते.

चार दिवसांची शिरगणती

सातव्या कलमाचा आदेश काढायचा तर ‘हे लोक कोण’ हे आधी ठरायला हवं. गोव्याशी तुलना केली की कोचबिहारची अडचण लगेच समजते. १९६२ च्या गोवा आदेशाने सांगितलं, की २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा या प्रदेशात जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला नको असेल त्याने महिनाभरात लेखी कळवावं. जन्म या एका गोष्टीवर सगळी इमारत उभी होती, आणि ती उभी राहू शकली कारण पोर्तुगीज राजवटीच्या नागरी नोंदणीत तो जन्म लिहिलेला होता. सिक्कीमकडे सिक्कीम प्रजाजनांची नोंदवही होती. मशालडांगा, पोयातुरकुठी, बात्रीगाछ, करला या छिटमहालांकडे यातलं काहीही नव्हतं.

होती ती फक्त एक यादी. १४ ते १७ जुलै २०११ या चार दिवसांत दोन्ही देशांच्या कर्मचाऱ्यांनी मिळून सगळ्या छिटमहालांची शिरगणती केली. एकूण ५१,५४९ माणसं. त्यांतली ३७,३३४ भारताच्या छिटमहालांत, १४,२१५ बांगलादेशच्या. त्या वेळी ही मोजणी वाटाघाटींच्या उपयोगासाठी होती. किती माणसं इकडे येतील, किती तिकडे जातील, याचा अदमास दोन्ही सरकारांना हवा होता. चार वर्षांनी तीच यादी नागरिकत्वाची पायाभूत वही होणार, हे मोजणाऱ्यांना आणि मोजून घेणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ६ ते १६ जुलै २०१५ या काळात पुन्हा संयुक्त सर्वेक्षण झालं, पण ते २०११ चीच यादी हातात धरून. तिच्यात मधले जन्म-मृत्यू जुळवायचे आणि प्रत्येकाला विचारायचं: तुम्हाला कुठल्या देशाचं व्हायचंय?

यातला धोका कुठल्याही तलाठ्याला सांगता आला असता. जुलै महिन्यात चार दिवस मोजणी केली तर घरात कोण सापडणार? उत्तर बंगालचा हा पट्टा मजुरी पाठवणारा. वीटभट्ट्या, दिल्लीची बांधकामं, दूरची शेतं. कर्ता पुरुष वर्षातले कित्येक महिने बाहेर. शिवाय छिटमहालाचा माणूस बाहेर जायचा तोच आपली ओळख लपवून. मोजायला आलेल्या सरकारी माणसासमोर ‘माझा मुलगा दिल्लीत आहे’ असं सांगणं म्हणजे मुलाने बेकायदा सीमा ओलांडल्याची कबुली देणं, अशी भीती वाटली तर नवल नाही. नावं गळाली, आणि २०१५ मध्ये गळालेल्यांनी तक्रारीही केल्या.

इथे सिक्कीमचा दाखला उपयोगी पडतो. तिथेही मूळ नोंदवहीत बरीच नावं खरोखरच राहून गेली होती, आणि १९८९ साली नागरिकत्व आदेशात दुरुस्ती करून अशा लोकांना सामावून घ्यावं लागलं. चौदा वर्षं ती माणसं अधांतरी होती. तो अनुभव गृह मंत्रालयाच्याच दप्तरात होता. शिरगणतीवर नागरिकत्व बेतायचं ठरलं त्या दिवशीच ‘यादीतून गळालेला माणूस कुठे जाईल, कुणापुढे उभा राहील, कोणता पुरावा देईल आणि किती दिवसांत उत्तर मिळेल’ हे लिहून ठेवायला हवं होतं. हरकतींची सोय नसलेली यादी मतदारांची असो की शिधापत्रिकांची, आपण ती मान्य करत नाही. नागरिकत्वाच्या यादीला तर दुप्पट काळजी हवी.

सर्वेक्षणाचा निकाल मात्र स्वच्छ लागला. भारतातल्या ५१ छिटमहालांमधून एकानेही बांगलादेशात जायचं म्हटलं नाही. बांगलादेशातल्या १११ मधून ९७९ जणांनी भारत निवडला. बाकीचे आपल्या जमिनीवर राहिले आणि बांगलादेशचे नागरिक झाले.

उसने बाप

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो.

साठ-सत्तर वर्षं कागदाशिवाय माणूस राहत नाही. तो कागद मिळवतो. मशालडांग्यातल्या मुलाला शाळेत घालायचं तर शाळा भारतातल्या शेजारच्या गावात. दाखल करून घ्यायला भारतीय पालक हवा. मग शेजारगावातला ओळखीचा, नात्यातला किंवा पैसे घेऊन तयार झालेला कुणीतरी मुलाचा बाप म्हणून सही करायचा. बाळंतपणाला दिनहाट्याच्या सरकारी रुग्णालयात जायचं तर बाई भारतीय नवऱ्याचं नाव सांगायची, आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर तेच नाव उमटायचं. २०१० मध्ये एका कुटुंबाने हे नाकारलं आणि छिटमहालाचाच खरा पत्ता लिहा म्हणून हट्ट धरला, तर रुग्णालयात मोठा पेच उभा राहिला होता. चळवळीची माणसं धावून आली तेव्हा तो सुटला. भारत-बांगलादेश छिटमहाल विनिमय समन्वय समितीने हे उसन्या बापांचं दुखणं वर्षानुवर्षं मांडलं. ते लपूनछपून चालणारं नव्हतं. शिक्षकांना, डॉक्टरांना, पंचायतीला सगळ्यांना ते माहीत होतं. त्यांतल्या अनेकांनी माणुसकी म्हणूनच डोळेझाक केली असणार.

१ ऑगस्ट २०१५ रोजी या माणसांची कागदोपत्री स्थिती काय झाली ते पाहा. शिरगणतीच्या यादीत खऱ्या वडिलांचं नाव, कारण यादी घरोघर जाऊन केलेली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि माध्यमिकच्या (दहावीच्या) प्रमाणपत्रावर उसन्या बापाचं नाव. काहींकडे शेजारगावच्या पत्त्यावर काढलेलं जुनं मतदार ओळखपत्रही, त्यावर आणखी तिसरं काही. नागरिकत्व मिळालं ते पहिल्या नावाच्या माणसाला. शिक्षण आहे ते दुसऱ्या नावाच्या माणसाकडे. सरकारी संगणकाच्या दृष्टीने ही दोन माणसं आहेत.

मग साधा उपाय सुचतो: शपथपत्र करा, नाव बदलून घ्या. आपल्याकडे नावातल्या चुकीसाठी ‘एकच व्यक्ती असल्याचं’ शपथपत्र रोज शेकड्यांनी होतं. पण स्पेलिंग चुकणं वेगळं आणि बाप वेगळा असणं वेगळं. इथे शपथपत्रात लिहावं लागणार, की माझ्या वतीने शाळेला जाणीवपूर्वक खोटी माहिती दिली गेली होती. म्हणजे खरं बोलण्याची पहिली पायरीच गुन्ह्याची कबुली ठरते. शिवाय ती एकट्याची कबुली नसते. ज्याने बाप म्हणून सही केली तो शेजारी, ज्याने नोंद केली तो मुख्याध्यापक, सगळेच त्यात ओढले जातात. ज्याने आपल्याला उपकाराचं नाव दिलं, त्याच्याविरुद्ध पुरावा तयार करायला कुणाचा हात धजावेल?

परीक्षा मंडळाच्या बाजूनेही पाहायला हवं. वडिलांचं नाव सरसकट बदलून द्यायला मंडळ तयार नसतं, आणि ते बरोबरच आहे. ती दारं सैल केली तर बनावट वारसांची रांग लागेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ याच्या पंधराव्या कलमात चुकीची किंवा गैरमार्गाने झालेली नोंद दुरुस्त करता येते: मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहायची आणि सही-तारीख घालायची. पण हे अधिकार एकेका निबंधकाचे, एकेका प्रकरणापुरते. दाखला भारतातल्या रुग्णालयातला असेल तरच. घरी, छिटमहालात जन्मलेल्याची नोंद तर नाहीच, आणि ती करायची कोणी? तो जन्म झाला तेव्हा ते ठिकाण भारतात नव्हतं. उशिराच्या नोंदणीसाठी असलेली तेराव्या कलमाची वाट भारतात झालेल्या जन्मांसाठी आखलेली आहे.

आणखी एक बाजू सहसा बोलली जात नाही, ती उसनं नाव देणाऱ्याच्या घराची. त्याच्या कुटुंबात कागदोपत्री एक मुलगा जास्त आहे. उद्या तो वारला, वारस नोंद करायची वेळ आली, तर शाळेच्या कागदावरचा तो मुलगा हिस्सा मागू शकतो, किंवा मागेल अशी धास्ती सख्ख्या मुलांना वाटते. तेव्हा दुरुस्तीची गरज दोन्ही घरांना आहे.

बायकांचा गुंता याहून खोल. भारतातल्या गावांतून छिटमहालात दिलेल्या मुली माहेरच्या कागदांवर भारतीय होत्या. लग्नानंतर त्यांचा पत्ता अशा ठिकाणचा झाला जिथे भारताचा पत्ताच चालत नाही. रुग्णालयाच्या कागदावर त्यांचा नवरा दुसराच. विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना त्यांनी कोणत्या नवऱ्याचं नाव लिहायचं, हा प्रश्न गटविकास कार्यालयातल्या कारकुनाने सोडवायचा, आणि त्याच्याकडे त्यासाठी ना अधिकार ना लेखी सूचना.

क्रम कुणी ठरवला?

अशा वेळी कोणता कागद आधी द्यायचा, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न सगळं ठरवतो. पहिला कागद पुढच्या सगळ्यांचा आधार होतो, आणि त्यातली चूक पुढे झिरपत जाते.

कोचबिहारमध्ये क्रम निवडणुकीने ठरवला. एप्रिल-मे २०१६ मध्ये विधानसभेची निवडणूक होती. नव्या गावांना मतदारसंघांत जोडायचं तर कायदा बदलायला हवा होता. संसदेने २०१६ च्या सुरुवातीला निवडणूक कायद्यात दुरुस्ती केली, निवडणूक आयोगाने हद्दी आखल्या, आणि ५ मे २०१६ रोजी साडेनऊ हजारांहून अधिक माणसांना आयुष्यात प्रथमच आपल्या खऱ्या गावाच्या नावावर मत देता आलं. हे काम वेगाने आणि नेटाने झालं, त्याचं श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवं. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांच्या हाती मत येणं याला पर्याय नाही.

पण त्या घाईत मतदारयादी आणि आधार यांनाच मूळ कागदाचं काम करावं लागलं, आणि दोन्ही त्यासाठी बनलेले नाहीत. आधार हा रहिवाशाचा क्रमांक आहे. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलं आहे. मतदारयादीतलं नाव हरकतीने कधीही काढता येतं. या माणसांचं नागरिकत्व ज्यावर उभं आहे तो कागद म्हणजे सातव्या कलमाचा आदेश आणि त्यामागची संयुक्त यादी. ती कोणत्याही मतदारयादीपेक्षा भक्कम आहे, कारण तिच्यावर दोन सार्वभौम देशांची संमती आहे. प्रत्येक कुटुंबाला त्या यादीचा शिक्क्याचा उतारा, त्यावर गाव, कुटुंबप्रमुख, वडिलांचं खरं नाव, वय आणि आदेशाचा क्रमांक, हा पहिला कागद म्हणून हाती द्यायला हवा होता. जमिनीला जसा सातबारा, तसा माणसाला हा उतारा.

दुसरं काम त्याच्याच जोडीने व्हायला हवं होतं: राज्य सरकारचा एकच सर्वसाधारण आदेश. २०११ ची यादी आणि शाळेचा दाखला यांत वडिलांचं नाव जुळत नसेल, व्यक्ती छिटमहालाची असेल, नोंद १ ऑगस्ट २०१५ पूर्वीची असेल, तर उपविभागीय अधिकारी गावात शिबिर घेईल, उसनं नाव देणाऱ्याला समोर बोलावून त्याचा जबाब घेईल, आणि ‘एकच व्यक्ती’ असा दाखला देईल. हा दाखला शाळा, मंडळ, रुग्णालय, सेवायोजन कार्यालय सर्वांना बंधनकारक असेल. आणि या जबाबांवरून कुणावरही खोट्या माहितीचा खटला भरला जाणार नाही. तीन अटी आहेत, तिन्ही तपासता येण्यासारख्या. ठरावीक गावं, ठरावीक माणसं, ठरावीक तारखेपूर्वीचे कागद. मंडळाला वाटणारी बनावट वारसांची भीती इथे लागू पडत नाही, कारण दार फक्त यादीतल्या माणसालाच उघडतं.

काही जण म्हणतील, खोटं ते खोटं, त्याला माफी कशाला? मला हा आक्षेप पटत नाही. मुलाला शाळेत घालण्याचा एकही खरा मार्ग दोन्ही राज्यसंस्थांनी सहा दशकं ठेवला नव्हता. ते खोटं सरकारांच्या दिरंगाईतून जन्मलं, आणि त्याचा निपटाराही सरकारनेच स्वखर्चाने, गावात जाऊन करायला हवा.

पलीकडून आलेले

९७९ पैकी प्रत्यक्षात आले ते नऊशेहून थोडे अधिक. उरलेल्यांनी शेवटच्या क्षणी पाऊल मागे घेतलं. जमीन विकली गेली नाही, भाव पडला, घरातले अर्धे तयार झाले आणि अर्धे नाही, अशी कारणं होती. आलेल्यांना प्रवासपास दिले गेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये चांगडाबांधासारख्या ठरलेल्या नाक्यांवरून ते सामानासुमानासकट भारतात आले. शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर. दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबाडी इथे पत्र्याच्या निवाऱ्यांच्या तीन छावण्या उभारल्या होत्या. मुक्काम दोन वर्षांचा ठरला होता. तो बराच लांबला. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे १,००६ कोटी रुपये मंजूर केले, त्यांतले सुमारे १०७ कोटी या पुनर्वसनासाठी आणि उरलेले जुन्या छिटमहालांतल्या व आसपासच्या सोयींसाठी.

या नऊशे जणांची कायदेशीर बाजू वेगळी आहे, आणि ती छावणीच्या दारावरच्या कर्मचाऱ्यालाही माहीत असायला हवी. हे नव्याने नागरिक झालेले नाहीत. ते भारताच्या छिटमहालाचे, म्हणजे आधीपासून भारतीय. त्यांनी आपलं राष्ट्रीयत्व फक्त राखलं. त्यांना निर्वासित म्हणणं चूक, स्थलांतरित म्हणणं अर्धवट. पण व्यवहारात त्यांचे कागद सगळे बांगलादेशातले. तिकडच्या शाळांचे दाखले, तेही बहुतेकदा तिकडच्या उसन्या पत्त्यांवर. इकडच्या महाविद्यालयात प्रवेश घेताना ते दाखले भारतीय नागरिकाचे कसे, हा प्रश्न मुलांना पुन्हा पुन्हा विचारला गेला.

३० नोव्हेंबरनंतर प्रवासपासची मुदत संपली. तिकडे राहिलेली आई आजारी पडली, विकायची राहिलेली जमीन कुणी बळकावली, तर जायला आता पासपोर्ट आणि व्हिसा हवा. पासपोर्टला जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा हवा. पत्ता छावणीचा, जन्म बांगलादेशातल्या भारताचा. इतक्या छोट्या गटासाठी एक पासपोर्ट शिबिर छावणीतच घेणं अवघड नव्हतं. प्रवासपासच्या नोंदींवरून माणसांची ओळख आधीच पटवलेली होती. प्रवासपास देणारं खातं आणि पासपोर्ट देणारं खातं एकच, परराष्ट्र मंत्रालय.

जमिनीच्या बाबतीत गाडी आणखी सावकाश चालली. ५१ गावांतल्या शेतांचे जुने कागद संस्थानी आणि रंगपूरच्या काळातले. मधल्या काळातली खरेदी-विक्री साध्या कागदावर, गावच्या साक्षीने. पश्चिम बंगालच्या विधानसभेने नोव्हेंबर २०१८ मध्ये जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा कुठे या शेतकऱ्यांच्या नावावर जमीन लावण्याचा रस्ता खुला झाला. मधली तीन वर्षं माणूस नागरिक होता आणि त्याची जमीन मात्र निनावी.

२००२ ची यादी

दहा वर्षं झाली, आता हे जुनं झालं, असं वाटत असतानाच २७ ऑक्टोबर २०२५ रोजी निवडणूक आयोगाने पश्चिम बंगालसह बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केलं. पश्चिम बंगालसाठी आधार धरली ती २००२ ची यादी. अर्जात विचारलं गेलं: त्या यादीत तुमचं नाव आहे का? नसेल तर आईवडिलांचं वा नातेवाइकाचं?

मशालडांगा २००२ साली भारतात नव्हतं. तिथल्या कुणाचंही नाव, कुणाच्याही बापाचं नाव, त्या गावाच्या पत्त्यावर त्या यादीत असणं शक्यच नाही. असेल तर उसन्या बापाचं असेल. म्हणजे नेमकं जे नाव पुसायला दहा वर्षं धडपड केली, त्याचाच आधार घेण्याचा मोह प्रक्रियाच दाखवते. नातं जुळलं नाही तर आयोगाने ठरवलेल्या कागदांची यादी होती. १ जुलै १९८७ पूर्वीचा भारतातला सरकारी कागद त्यांच्याकडे असू शकत नाही. जन्मदाखला बहुतेकांकडे नाही, किंवा आहे तो चुकीच्या बापाचा. माध्यमिकच्या प्रमाणपत्राचंही तेच. उरलेल्यांपैकी सरकारी जमीन वा घर वाटपाचा कागद छावणीतून पक्क्या घरात गेलेल्या काहींना दाखवता येईल.

खरं तर या १४,८६४ माणसांइतकं निर्विवाद नागरिकत्व भारतात थोड्यांचंच असेल. आपल्यापैकी बहुतेकांचं नागरिकत्व जन्मावरून गृहीत धरलेलं असतं. त्यांचं घटनादुरुस्तीने, आंतरराष्ट्रीय कराराने आणि राजपत्रातल्या आदेशाने ठरलेलं आहे. तरी मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्यापुढे पुराव्याचं ओझं त्यांच्यावर, कारण ज्या कागदावर ते ठरलं तो कागद त्यांच्या घरात नाही. २०११ ची संयुक्त यादी आणि २०१५ चं सर्वेक्षण ही दोन्ही दप्तरं सरकारकडे आहेत. दिनहाटा, मेखलीगंज आणि शीतलकुची इथल्या गट कार्यालयांतून, मागेल त्याला, विनाशुल्क, शिक्क्यानिशी त्यांचा उतारा मिळावा. आणि जुन्या छिटमहालाच्या प्रत्येक मतदान केंद्रासाठी आयोगाने एका ओळीची लेखी सूचना काढावी, की इथे २००२ ची यादी लागू नाही, हा उतारा लागू आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्याची सही आणि आयोगाचं एक परिपत्रक लागतं.